लॅपटॉपचा ताप बघणारे ढोमणेकाका

आमचे शेजारी ढोमणेकाका लॅपटॉपचा ताप बघतात. धरमपेठेतल्या गुप्ताजींच्या दुकानात शिरायचं, मांडून ठेवलेल्या लॅपटॉपवर आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "हा तापून राहिला."

मग गुप्ताजींना हुकूम सुटतो. "एसी बंद करा जी. एसीत बसून ताप कसा समजन?"

"काका, तीन साल से बुखार देख रहे हो. एखादा पेशंट घरी तर न्या!" गुप्ताजी म्हणतात. एसी मात्र बंद करत नाहीत.

काका वीज खात्यातून निवृत्त झाले. ट्रान्सफॉर्मर तापण्याच्या काळजीत उभी नोकरी गेली, तेव्हा ही सवय तिथलीच असावी असं मी धरून चाललो होतो. पण एका कंपनीच्या लॅपटॉपवर त्यांचा विशेष जीव. ही कंपनी आधी प्रोसेसर बाहेरून घ्यायची, आता स्वतःच बनवते. "घरी कुटलेलं भिवापुरी तिखट अन् बाजारची पुडी, फरक राहते का नाही?" एवढ्यात काका तो विषय संपवतात.

माझ्या लॅपटॉपची एक कळ उडालेली आहे. तिथल्या खड्ड्यात पेन्सिल टोचत मी टाइप करतो. तीन वर्षांपूर्वी नवा घ्यायला निघालो आणि फाटकातच काका भेटले.

"थांबा न सर. काहून घाई करता? पुढचा येऊन राहिला."

मी थांबलो. पुढचा आला. काकांनी त्याच्यावर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "हा ठीक हाये. पण याच्या पुढचा येऊन राहिला." माझ्या बायकोनं पेन्सिलींचा एक डबाच मला वाढदिवसाला भेट दिला.

सकाळी फिरताना काका न आलेल्या प्रोसेसरची खबरबात द्यायचे. इंटरनेटवरच्या उडत्या बातम्या पहाटे उठून वाचायच्या आणि वहीत उतरवायच्या, हा नेम. माझ्यासारख्या अडाण्याला समजावं म्हणून ते थेट गावाकडच्या, कुहीच्या भातशेतात शिरत. "धानाची बांधी तेवढीच, अन् परे, रोपं जी, दाट रोवले. मंग धान कोंडणारच ना? तसंच हाये हे. एवढ्याशा जागेत एवढं सारं कोंबलं, तर तापन नाही का?"

एकदा फाटकाशी कुणीतरी म्हणालं, "ही कंपनी गरमीचं काहीच पाहत नाही वाटते." झालं! स्वतः दुकानात जाऊन प्रत्येक लॅपटॉपला ताप आहे म्हणणारे काका एकदम लालबुंद झाले. "तुमाले काय माहीत, किती मेहनत करून राहिले ते लोक? रात्र रात्र झोपत नाही!" आणि तरातरा निघून गेले. इतकं मनाला काय लागलं, ते आम्हाला कळलं नाही.

आणखी एक गोष्ट कळत नसे. काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात, तेही खालच्या मजल्यावर. तरी होळी झाली की वरच्या रिकाम्या खोलीतला कूलर पुसायचा, त्याला खसाच्या नव्या ताट्या लावायच्या. न घेतलेल्या लॅपटॉपसाठी काकांनी कूलर लावला, अशी गंमत गल्लीत चालायची. मीही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये काका चार दिवस फिरायला आले नाहीत. मी बघायला गेलो. ते वरच्या खोलीत होते आणि कोऱ्या करकरीत ताट्या कूलरमधून उपसून काढत होते.

"काय झालं, काका?"

"लांबला सर. पुढचा लांबला. तापून राहिला म्हणते, फिरून सारं करा लागते."

"अहो, लांबला तर लांबला! मी थांबतो की."

काका खाटेवर बसले. मी पहिल्यांदाच ती खोली नीट पाहिली. भिंतीवर शाळेतलं वेळापत्रक, कपाटावर बॅडमिंटनची रॅकेट.

"प्राची त्याच कंपनीत हाये," ते म्हणाले. मुलगी परदेशी नोकरीला आहे, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. "प्रोसेसर तापू नये, ते काम तिच्याकडं. पण बोलता येत नाही तिले. सही करून देल्ली हाये, बापालेबी सांगायचं नाही. मीबी विचारत नाही. फोनवर म्हणते, हा झाला की येते, बाबा. मंग कसा चालला तिचा, ते मी बातम्यात पाहतो. लांबला म्हटलं की समजते, पोरीची सुट्टी गेली."

इतके दिवस हा माणूस बातम्यांत पोरीची खुशाली वाचत होता आणि मी पेन्सिलीचं दुःख सांगत होतो. मी दुसरी ताटी काढायला हात लावला.

यंदा तो आला. मे महिन्यात गुप्ताजींचा फोन आल्यावर काका स्वतःच मला बोलवायला आले. "चला सर. आता घेऊन टाका."

वाटेत मी विचारलं, "मग प्राची कधी येते?"

"तिले पुढच्यावर टाकलं," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "चांगलं काम केलं म्हणून."

दुकानात नवा लॅपटॉप सुरू करून ठेवला होता. तो कुणी केलाय हे मी गुप्ताजींना आधीच सांगून ठेवलं होतं. काका आत आले तसे ते उठले आणि त्यांनी न सांगता एसी बंद केला.

अर्धा तास आम्ही तिघं तिथे बसलो. बाहेर रस्ता भाजत होता, आत आमचे शर्ट पाठीला चिकटले होते. मग काका उठले, लॅपटॉपवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"थंड हाये," ते म्हणाले.

गुप्ताजींनी बिलाचं पुस्तक उघडलं होतं, ते हळूच मिटलं. काकांनी अजून हात काढला नव्हता.