कालिंदीच्या फोनची डागडुजी

गणेशोत्सवात श्रीकांतने मंडळात म्हटलेल्या नाट्यपदाचा व्हिडिओ बायकोच्या, कालिंदीच्या फोनमधून उडाला, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. "फोन भरलाय हो, आपोआप उडाला असेल," एवढंच ती म्हणाली होती. मग रविवारी फोन चार्जिंगला लावून ती गडियाहाटच्या बाजारात खरेदीला गेली, तशी श्रीकांतने त्या फोनची डागडुजीच काढली.

'फोनला द्या नवं रूप' अशा युक्त्या त्याने आधीच वाचून ठेवल्या होत्या. अक्षरं मोठी केली, चित्रं रांगेत लावली. सगळं बिनबोभाट जमलं आणि तिथेच घात झाला, कारण त्याच्या अंगात वारं शिरलं. कालिंदीला बंगाली वाचायला शिकायचंय, होऊ दे सराव, म्हणून त्याने फोनची भाषाच बंगाली करून टाकली. स्वतःला कोलकात्यातल्या तीन वर्षांत बसच्या नंबरापलीकडे बंगाली येत नाही, हे तो विसरला.

आता पडद्यावर लावायला अप्पांचा व्हिडिओ. अप्पा म्हणजे कालिंदीचे वडील, मागच्या हिवाळ्यात वारले. सुपारी कातरता कातरता हसताहेत, असा त्यांचा तेवढा एकच व्हिडिओ होता. श्रीकांतने तो निवडला. फोनने बंगालीत काहीतरी विचारलं. श्रीकांतने साहेबी ठसक्यात बटण दाबलं, आणि अप्पा दुसऱ्यांदा गेले.

स्वतःच्या फोनवर त्याने पुसलेल्या फाइली परत आणायचे उपाय शोधले. पहिलाच उपाय होता, 'घाबरू नका.' तो वाचून तो जास्तच घाबरला. तेवढ्यात तोच फोन वाजला.

"अहो, मी बोलतेय, दुकानातल्या फोनवरून. ताईला अप्पांचा व्हिडिओ पाठवायचा राहिलाय. माझ्या फोनवरून तेवढा पाठवा ना, ती वाट बघतेय."

"पाठवतो की," श्रीकांत म्हणाला.

कालिंदीचा फोन घेऊन तो धावत खालच्या मजल्यावरच्या मित्राबाबूंकडे गेला. त्यांनी आधी चहा विचारला, मग चष्मा शोधला, तो कपाळावरच सापडला.

"फोन ने पूछा था, मिटा दें? आप क्या बोला?"

"हां बोला."

"हां बोला! बाबा रे!" मित्राबाबूंनी कपाळाला हात लावला. "घाबड़ाइये मत दादा. इधर कचरे का टोकरी होता है. सब वापस कर देता हूं."

त्यांनी बटण दाबलं आणि अप्पा परत आले, सुपारीसकट. श्रीकांतला रडूच फुटायचं बाकी होतं. पण अप्पांच्या शेजारी आणखी कोणीतरी परतलं होतं. रेशमी झब्बा, मिटलेले डोळे, उघडं तोंड.

"ये तो आप हैं!" मित्राबाबू खूश झाले.

"पण ते तर अपने आप उड गया था," श्रीकांत पुटपुटला.

"ना ना दादा. जो हाथ से फेंको, वही टोकरी में आता है."

असं म्हणून त्यांनी व्हिडिओ चालू केला. जिन्यात तान घुमली. पिशव्या घेऊन वर येणारी कालिंदी मधल्या पायरीवरच थबकली.

"अहो, हे कुठून आलं?"

"आपोआप," श्रीकांत म्हणाला.

तिने आत येऊन फोन हातात घेतला. "आणि हे सगळं बंगालीत?"

"तेही आपोआपच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कालिंदीने अप्पांचा व्हिडिओ तिथल्या तिथे ताईला पाठवला.

"दादा, क्या गला है! एक बार और हो जाए? मैं रेकॉर्ड करता हूं," मित्राबाबू म्हणाले.

"नहीं नहीं," कालिंदी घाईघाईने म्हणाली, "आपका फोन भी भर जाएगा."