मोंजी निरीक्षकाची उडी

"पोहायचं? मी?" मोंजी निरीक्षकाने विचारलं.

"समुद्रसुरक्षेचं प्रशिक्षण आहे. मग काय वाळूत घेऊ?" राजधानीहून आलेल्या रौदा मॅडम म्हणाल्या.

मोंजी मूळचा कैरवानचा. तिथे पाणी दिसतं ते ग्लासात. मत्स्यखात्याने त्याला करकेना बेटावर नेमलं, जाळी मोजायला शिकवलं, ऑक्टोपस मोजायला तर दोनदा शिकवलं. खातं शिकवायला कधी थकत नाही. काय शिकवायचं एवढंच त्याला कळत नाही. पोहता येतं का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. आता नापास झाला तर निरीक्षकपद जाऊन मासळीबाजारात बर्फ फोडायची पाळी. बाकीचे निरीक्षक आजारपणाच्या रजा टाकून पळाले होते. मोंजीच्या रजा मागच्या प्रशिक्षणांतच संपल्या होत्या.

बिचाऱ्याने मग वेळ काढायला सुरुवात केली. मॅडमना पुदिन्याचा चहा पाजला. घरून जेवायला माशाचा कुसकुस मागवला. मग जाकीट सापडेना. तो स्वतःच त्यावर बसला होता.

"साहेब, चला आता," नावाडी हमादी म्हणाला. "उशीर केला तर पाणी..."

"पाण्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

दुपार कलल्यावर नाव थांबली. खाली पाणवनस्पतींनी काळवंडलेलं पाणी. मोंजीने कलमा पढला, कोळ्यांना आजवर केलेली सगळी दमदाटी मनातल्या मनात मागे घेतली आणि डोळे मिटून उडी मारली.

गुडघे आपटले. चहा-कुसकुस होईपर्यंत ओहोटीने समुद्र कमरेइतका करून ठेवला होता. उभा राहिला असता तर मॅडमनी नाव खोल पाण्यात नेली असती. म्हणून मोंजी गुडघ्यांवरच, हात मारत मारत, खुणेसाठी सोडलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत गेला आणि परत आला. हमादी तोंडात फडकं कोंबून बसला होता.

"वा!" मॅडमचे डोळे भरून आले. "अख्ख्या किनाऱ्यावर एकाला तरी येतंय! टोपीसुद्धा भिजली नाही हो! सोमवारपासून बाकीच्यांना तुम्हीच शिकवायचं. बिझर्तच्या बंदरात."

मोंजीने नावेची कड पकडली. "मॅडम, तिथं ओहोटी किती वाजता असते?"

"बिझर्तला? तिथं कुठली ओहोटी! बारा महिने खोल."

मोंजी पाण्यात गुडघ्यांवरच बसून राहिला. कोरडी टोपी काढून त्याने हळूच विचारलं, "आणि मॅडम, ते बर्फ फोडायचं प्रशिक्षण कधी असतं?"