शेवटचा शब्द ‘आणि’

साप्ताहिकातल्या ‘वाचकांना काय वाटतं’ या सदरात आपलं नाव छापून आलेलं पाहून याकोमिनबाईंनी तो अंक स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशा बेताने उघडून ठेवला, की कॉफीला बसणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच पडावी. कॉफीला बसणारा एकच होता, त्यांचा नवरा वोब. त्याने शांतपणे कप अंकावर ठेवला.

“वोब! साहित्यावर कप ठेवतोस?”

“मला वाटलं बशीऐवजी ठेवलायस,” वोब म्हणाला आणि कप उचलून कपाच्या गोल डागातून वाचू लागला. तो झुटफेन गावाच्या आसपासचे कालव्यांचे पंप सांभाळून निवृत्त झाला होता. पंपाच्या माहितीपत्रकाहून जाड काही वाचण्याची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

मजकूर असा होता : “हल्लीच्या कादंबऱ्या वाचून माझं डोकं फिरतं. तीनशे पानं माणसं एकमेकांचे गळे धरतात आणि शेवटच्या दहा पानांत सगळ्यांचं गोड! वाचक काय कुक्कुली बाळं आहेत? हिल्ला टेर्व्हेल यांनी मात्र ‘मिठाची होडी’मध्ये कमाल केली आहे. रुसून गेलेल्या भावाची वाट पाहणारी लिस्बेट धुक्यात धक्क्यावर उभी राहते, घंटेची दोरी हातात घेते आणि... कादंबरी संपते! शेवटचा शब्द ‘आणि’. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही! ज्यांना हे धाडस कळणार नाही, त्यांनी खुशाल पाककृती वाचाव्यात.”

“छान आहे,” वोब म्हणाला. “पण मग भाऊ येतो की नाही?”

“तुझ्यासारख्यांसाठीच पाककृती म्हटलंय,” याकोमिनबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी टिनीच्या घरी त्यांच्या वाचनमंडळाची बैठक होती, आणि पुस्तकही हेच होतं. याकोमिनबाई सायकलवरून ताठ मानेने गेल्या. कौतुकाला नम्रपणे काय उत्तर द्यायचं, हे त्यांनी पुलावरच ठरवलं होतं. प्रत्यक्षात दार उघडणाऱ्या टिनीचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होता. आत दातांचे निवृत्त डॉक्टर खेर्ब्रांड साप्ताहिकाची गुंडाळी मांडीवर आपटत बसले होते.

“याकोमिन,” ते म्हणाले, “पाककृती कुणी वाचायच्या? मी?”

“ज्याला लागू पडत असेल, त्याने.”

“अगं, पण भाऊ येतो ना!” टिनीच्या तोंडून निघून गेलं. “होडीतून येतो! मी किती रडले!”

“कुणाचा भाऊ?”

“लिस्बेटचा!”

याकोमिनबाईंनी बिस्कीट खाली ठेवलं. “लाज वाटायला हवी,” त्या म्हणाल्या. “पुस्तक न वाचता यायचं, ते यायचं. वर इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं ऐकवायचं. हे काय वाचनमंडळ आहे की नदीवरचं धुणं?”

डॉक्टर खेर्ब्रांडांनी बाह्या सरसावून आपली प्रत पुढे सरकवली. दात उपटण्याआधीही ते अशाच बाह्या सरसावत असत. याकोमिनबाईंनी आपली प्रत तिच्याशेजारी ठेवली. ‘आणि’पर्यंत दोन्ही प्रती एकमेकींच्या गळ्यात गळा घालून चालत होत्या. डॉक्टरांच्या प्रतीत पान उलटलं की ‘आणि’च्या पुढे “जोरात ओढली” असं होतं, आणि पुढे अख्खं एक प्रकरण. याकोमिनबाईंच्या प्रतीत पान उलटलं की पुठ्ठा होता.

“म्हणजे,” टिनी हळूच म्हणाली, “तुझं ते धाडस...”

“पुस्तक बांधणाऱ्याचं होतं,” डॉक्टर म्हणाले आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी याकोमिनबाई पुस्तकाच्या दुकानात उभ्या होत्या. “मला पुठ्ठा विकलात तुम्ही!” त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं.

दुकानदार गडबडला. “पानं गळलीयत हो. नवीन प्रती सोमवारी येतील, लगेच बदलून देतो.”

“आणि माझं मत? तेही बदलून देणार?”

बाई तिथून तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेल्या आणि आपलं मत परत मागितलं. संपादकाने आनंदाने हात पुढे केला. “तुम्हीच का त्या? अहो, लेखिकाबाईंचा फोन आला होता! शनिवारी वाचनालयात येतायत. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवा म्हणाल्या.”

“पण माझं चुकलंय!”

“त्या म्हणाल्या, इतकं अचूक कुणी लिहिलंच नाही.”

बाईंनी याचा उलटाच अर्थ घेतला. म्हणजे लेखिका चेष्टा करायला येणार, तीही गावासमोर. घरी येऊन त्या वोबवर ओरडल्या, कारण ओरडायला तोच जवळ होता. “जाऊ नकोस,” वोब म्हणाला. बाई उसळल्या, “न जाऊन कसं चालेल? पळाले म्हणतील!” “मग जा.” “तू मला तिथे जायला सांगतोस?” त्यानंतर वोब पंप लावायला बागेत गेला. बागेत पंप नव्हता.

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. हिल्ला टेर्व्हेल ही बारीक चणीची, गळ्याला जाड रुमाल गुंडाळलेली बाई होती. तिने तोंड उघडायच्या आत डॉक्टर खेर्ब्रांड आपली प्रत उंच धरून उभे राहिले.

“बाई, आधी एक खुलासा. पहिल्या रांगेत बसलेल्या या समीक्षिकेने तुमचं शेवटचं प्रकरण वाचलेलंच नाही!”

सगळ्या माना वळल्या. याकोमिनबाई उठल्या. खरं तर त्या माफी मागायची ठरवून आल्या होत्या, पण उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून नेहमीचाच सूर निघाला.

“नाही वाचलं! का वाचलं नाही? तर माझ्या पुस्तकात ते नव्हतंच! मी पुस्तक विकत घेऊन वाचलं, पुठ्ठ्यापर्यंत वाचलं. यात माझा काय गुन्हा? मला जे मिळालं ते मला आवडलं!”

लेखिका खुर्चीतून उठली, मंचावरून उतरली आणि तिने बाईंचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते.

“मी कादंबरी तिथेच संपवली होती,” ती म्हणाली. “दोरी हातात, बस्स. प्रकाशक म्हणाले, लोक पुस्तक फेकून मारतील, भावाला आणा. मी आणला. तुमचं मत वाचलं आणि वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचं निघालं! फक्त मी तिथे पूर्णविराम दिला होता. ‘आणि’वर सोडायचं मला सुचलं नाही. पुढच्या आवृत्तीत तुमचाच शेवट घेणार.”

टाळ्या पडल्या. याकोमिनबाईंनी त्या अशा स्वीकारल्या जणू हे सगळं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

“आणि भाऊ?” डॉक्टर खेर्ब्रांड ओरडले. “भावाचं काय?”

“भाऊ येत नाही,” लेखिका म्हणाली.

“येत नाही कसा? मी स्वतः त्याला होडीतून उतरताना वाचलंय! माणूस एकदा घरी आला की त्याला परत समुद्रात लोटायचा नसतो, बाई!” डॉक्टरांनी आपली प्रत याकोमिनबाईंच्या हातात कोंबली. “घे! बघ कुणाला बुडवलंस ते!” आणि ते तणतणत निघून गेले.

रविवारी सकाळी, शत्रूची बाजू माहीत असावी एवढ्याच हेतूने, याकोमिनबाईंनी ते प्रकरण उघडलं. लिस्बेट घंटा वाजवते. धुक्यातून होडी येते. भाऊ उतरतो. दोघं मिठी मारत नाहीत, माफी मागत नाहीत. घरात शिरताना भाऊ म्हणतो, “दार अजून करकरतंय.” ती म्हणते, “तेल घालणं तुझं काम होतं.” मग दोघं समोरासमोर बसून बटाटे सोलतात, आणि प्रकरण संपतं.

वोब आत आला तेव्हा बाई भांडी पुसायच्या फडक्यात नाक खुपसून रडत होत्या.

“कोण गेलं?” त्याने घाबरून विचारलं.

“कुणी गेलं नाही! आला! इतका सुंदर आला, आणि ती मूर्ख बाई त्याला काढून टाकणार! कुणाच्या तरी बिनबुडाच्या मतावरून!”

“तुझ्याच ना?”

“मला माहितीय कुणाच्या ते!”

आता गावभर टाळ्या घेतल्यावर मत फिरवायचं कसं? पण बटाटे सोलणाऱ्या त्या दोघांना सोडवतही नव्हतं. बाईंनी डोळे पुसले, कागद ओढला आणि लिहायला बसल्या. लिहिताना त्यांना आपलाच असा काही राग आला, की कागद ठिकठिकाणी फाटला. ज्या वाचकाला सोललेल्या बटाट्यांतलं प्रेम दिसत नाही, त्याने पाककृतीसुद्धा वाचू नयेत, असं त्यांनी ठणकावलं. खाली सही केली : वोब.

“अगं, पण मी हे पुस्तक वाचलेलं नाही!”

“मी तरी कुठे पूर्ण वाचलं होतं? माझं मत अडलं का?”

पत्र छापून आलं. पुढच्याच अंकात लेखिकेने जाहीर केलं की, वोब नावाच्या एका रोखठोक वाचकाने आपले डोळे उघडले असून भाऊ येणारच. गावातली निम्मी माणसं खूश झाली, उरलेली निम्मी संतापली, आणि ‘मिठाची होडी’ दुकानात मिळेनाशी झाली.

त्या दुपारी दाराची घंटा वाजली. डॉक्टर खेर्ब्रांड एका हातात ट्यूलिपचा गुच्छ आणि दुसऱ्या हातात विटेएवढी जाड कादंबरी घेऊन उभे होते. याकोमिनबाईंनी गुच्छासाठी हात पुढे केला.

“तुझ्यासाठी नाही,” डॉक्टर म्हणाले. “वोब कुठंय? इतकी वर्षं खरा वाचक या घरात होता आणि आपण मंडळात बोलावत होतो कुणाला! टिनी तर तुझ्या नवऱ्याचं पत्र फ्रिजवर लावून बसलीय. पुढच्या बैठकीला सुरुवात तोच करेल.”

वोब सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावता लावता उठून आला. डॉक्टरांनी त्याला मिठी मारली, गुच्छ दिला, वीट हातात ठेवली आणि डोळे टिपत निघून गेले.

वोबने पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्यावरचा आकडा पाहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“जन्मात एकदा माझं मत छापून आलं, याकोमिन, आणि तेही तुझंच!”