रंगरावांची टिकाऊ फिरकी

एक मरळ हाती लागली, तर रंगरावांचा फायदा चांगलाच होता. टायफॉइडमधून उठलेली बायको दोन घास जेवली असती. शेजारी राहणाऱ्या थोरल्या वहिनींचं, वच्छलाबाईंचं, तोंड निदान होळीपर्यंत बंद झालं असतं. आणि "तुमच्या हातानं एक काम धड होत नाई" हे जे अन्नपूर्णाबाईंनी लग्नापासून त्यांच्या नावावर टाकून ठेवलं होतं, ते खोडता आलं असतं. एका माशाच्या मानानं सौदा वाईट नव्हता.

ताप गेला होता, पण तोंडाची चव काही परत आली नव्हती. पेजेची वाटी जशी खाटेपाशी जाई, तशी परत येई. एक दिवस अन्नपूर्णाबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "माह्या माहेरी पूर्णा नदीची मरळ निघे. पाण्यातून निघाली का थेट चुलीवरच्या गंजात. तसा रस्सा असता तं जेवली असती."

रंगरावांनी मोताळ्याच्या बाजारातून मरळ आणली. अन्नपूर्णाबाईंनी नुसता वास घेतला. "कालची हाय," म्हणाल्या आणि कूस बदलली.

तेव्हा रंगराव वहिनींच्या देखत बोलून गेले, "नळगंगेच्या धरणावर जातो अन् म्याच धरून आणतो!"

"तुमी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "भाऊजी, तुमाले ताटातल्या माशाचे काटे काढून द्या लागते."

तसं पाहिलं तर जिवंत मरळ दारापुढेच होती. गल्लीच्या सामाईक विहिरीत, पाणी साफ राहावं म्हणून, एक मरळ सोडलेली होती. वच्छलाबाईंनी तिचं नाव गंगी ठेवलं होतं. रोज सकाळी त्या तिला कणकेच्या गोळ्या टाकत आणि घरात कोणाशी बोलत नसत तेवढ्या मायेनं तिच्याशी बोलत. गंगीकडे भुकेल्या नजरेनं पाहणं हेसुद्धा गल्लीत पाप होतं. रंगरावांच्या मनात ते पाप एकदा येऊन गेलं, पण तेवढंच.

मग ते मलकापूरला गेले. तिथं गुलाबरावांचं जाळी-दोऱ्यांचं दुकान होतं. गुलाबरावांनी तीन फिरक्या मांडल्या. वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला पाण्यात गरगर फिरणारं चकचकीत पान, दुसऱ्या टोकाला आकडा आणि आकड्याभोवती लाल झालर. "मरळीले वाटते, लहान मासोळी पळून राह्यली. झडप घालते."

रंगरावांचा सगळा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेला होता. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढायचा आणि तुटतो कसा त्यावरून माल ठरवायचा. निवृत्त झाले तरी हाताची सवय निवृत्त झाली नव्हती. त्यांनी पहिली फिरकी ओढली. तिची तार सरळ झाली. दुसरीचं पान हातात आलं.

"काका, मासा इतका ओढून पाहत नाई हो," गुलाबराव कळवळून म्हणाले.

"मासा पाहत नसन. म्या पाहतो."

तिसरी सगळ्यांत लहान होती. पान पितळी, तार जाड, आकडा ठेंगणा. रंगरावांनी तिला बाजाराची भरली पिशवी टांगली. फिरकी हलली नाही.

"हेच न्या," गुलाबराव घाईनं म्हणाले. "मरळ मोठ्या फिरकीले भेते. अन् इचा आकडा पाहा, उलटा दात हाय. एकदा रुतला का सुटत नाई. हत्ती टांगा."

घरी अन्नपूर्णाबाईंनी फिरकी पाहिली. "कानातलं आणलं काय मले?" इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. रंगरावांना तिथेच निम्मं भरून पावलं.

धरणावर निघायला त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि बाहेरून वच्छलाबाईंचा आवाज आला. त्यांची बादली दोर तुटून विहिरीत पडली होती. गल्लीत बादली काढायचा गळ होता एकच, रंगरावांचे बालमित्र भगवंतराव यांच्याकडे, आणि तोही गेल्या पोळ्यापासून विहिरीतच होता.

वहिनींनी दिरांच्या हातातला आकडा पाहिला. "गळ आणला काय? बरं झालं!"

"वहिनी, हे बादलीसाठी नाई. मरळीसाठी हाय."

"आकडा तं आकडाच. बादलीले काय समजते?"

थोरल्या वहिनीला नाही म्हणायची रीत घरात नव्हती. शिवाय रंगरावांच्या मनात आलं, फिरकीची परीक्षा आयतीच होते आहे. बादली पेलली तर मरळ काय चीज. त्यांनी दोरी बांधली आणि फिरकी पाण्यात सोडली. पितळी पान उन्हात लखलखत गरगरू लागलं. इतकं सुंदर, की बादली शोधायचं सोडून ते तिलाच फिरवत बसले.

दोरीला हिसका बसला.

"लागली!" रंगराव ओरडले. "बादली लागली!"

भगवंतराव दोरीला हात द्यायला धावले. दोरी डावीकडे पळाली, मग उजवीकडे. भगवंतराव म्हणाले, "रंग्या, बादली जित्ती हाय काय बे?"

बादली शेपूट आपटत वर आली.

"माही गंगी!" वच्छलाबाईंनी असा हंबरडा फोडला की गल्लीतली दारं उघडली.

गंगीला पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ठेवलं. आता तिच्या ओठातला आकडा काढायचा होता. रंगरावांनी ओढला. निघेना. तोडावा म्हणून भगवंतरावांनी पक्कड आणली, दात-ओठ खाऊन दाबली. तार होती तशीच राहिली, पकडीच्या धारेला खाच पडली.

"कायची आणली बे हे?"

"टिकाऊ हाय," रंगराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"सरका."

सगळ्यांनी मागे पाहिलं. भिंतीला धरत धरत अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या होत्या. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. त्या घमेल्यापाशी बसल्या, ओल्या पदरात गंगीला धरलं आणि आकडा मागे ओढायच्या ऐवजी पुढे सरकवून, किंचित वळवून अलगद काढला. "पूर्णेकाठी हेच तं केलं लहानपणी," म्हणाल्या. मग गंगीला तशीच धरून राहिल्या. पाण्यातून आत्ताच निघालेली, ताजी मरळ.

वच्छलाबाईंनी डोळे पुसले. "अन्नपूर्णे," त्या म्हणाल्या, आणि पुढचे शब्द त्यांना विहिरीतून ओढून काढावे लागले, "तुहं मन असन तं... ने."

अन्नपूर्णाबाईंनी जावेकडे पाहिलं, मग गंगीकडे.

"रोज जिच्यासंगं एका इहिरीचं पाणी पेलो, तिचा रस्सा करू काय? सोडा तिले." गंगी कळशीतून खाली गेली. अन्नपूर्णाबाई हात धूत म्हणाल्या, "बाई, तुमच्या चुलीवर काय हाय आज?"

"अंबाडीची भाजी. अन् ज्वारीची भाकर."

"आणा. लय भूक लागली."

विहिरीच्या काठावर बसूनच त्या जेवल्या. वच्छलाबाई वाढत होत्या आणि आणखी घे म्हणत होत्या. रंगराव शेजारी उभे राहून घास पाहत होते.

"पाह्यलं?" ते हळूच म्हणाले. "धरली न मरळ?"

"धरली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "धड नाई धरली. पण धरली."

आता या सौद्याची किंमत कोणी काय भरली ते पाहू. गंगीनं ओठ दिला. भगवंतरावांची पक्कड कामातून गेली. फिरकी पुन्हा पाण्यात सोडायची नाही अशी वहिनींनी शपथ घातली, म्हणून ती खिडकीत टांगली गेली. वारा आला की फिरते आणि अन्नपूर्णाबाई खाटेऐवजी चुलीपाशी बसून तिच्याकडे पाहतात. सगळ्यांत जास्त भरलं वच्छलाबाईंनी: दोन भाकरी, सगळी भाजी आणि ते एक वाक्य. त्यांची बादली अजून विहिरीतच आहे, आणि दिराला त्या अजून तिच्यावरून एक शब्दही बोललेल्या नाहीत.