मेथीची जुडी आणि किसनभाऊंचं बेट

भातकुलीच्या बाजारात मेथीची जुडी उचलून कोणी "केवढीशी हो ही!" म्हटलं, की किसनभाऊ माळी ती हातातून काढून घ्यायचे आणि शांतपणे सांगायचे, "बाई, एवढ्याशा जुडीपायी सात मानसं मेले."

बाई एक पाऊल मागे. मग किसनभाऊ खुशीत येऊन पोत्यावर मांडी घालायचे. ती सात माणसं भातकुलीची नव्हती, अमरावतीचीही नव्हती. ती मेली होती कधीच्या काळी, उत्तर ध्रुवाकडच्या एका ओसाड बेटावर.

हे बेट त्यांना एका पाद्रीसाहेबाकडून मिळालं. त्याच्या अमरावतीच्या बंगल्यावर किसनभाऊ भाजी घालत. विलायतेला परतताना त्यानं समुद्रप्रवासाच्या हकिकतींचं एक मराठी पुस्तक त्यांच्या टोपलीत टाकलं. किसनभाऊंना जेमतेम वाचता येई, पण बेटाचं प्रकरण त्यांनी इतक्यांदा वाचलं की पानं सुटी झाली.

"मंधात आगीचा डोंगर, अन् त्याच्याच डोक्यावर बर्फ! झाड म्हनून एक नाई. जवा पाहा तवा धुकं. देवमासे मारनारे आले, चरबी उकळून तेल काढलं, मासे सरले तसे चालले गेले. जो कप्तान ये तो नवं नाव ठेवे, पन राहाले कोनी तयार नाई. एकदा सात जन हिवाळाभर ठेवले राखनीले. उन्हाळ्यात जहाज येऊन पाह्यते तं सातई मेलेले! काहून? पोटात हिरवी भाजी नाई. आता बोल, नेतं काय मेथी?"

न्यावीच लागे.

मी तेव्हा भातकुलीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. म्हणजे नकाशा भिंतीला लावायचा आणि आपण खुर्चीला लागायचं. ते बेट शोधायला मला आठ दिवस लागले, आणि जे सापडलं ते माशीनं केलेला ठिपका निघालं. खरं बेट किसनभाऊंनीच बोट ठेवून दाखवलं. वर पोरांसमोर म्हणाले, "मास्तर लय हुशार हायेत. फक्त भूगोल कच्चा हाये."

त्या फाल्गुनात खानेसुमारी आली आणि चार गावांची माणसं मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन गावं मी पायी फिरलो. चौथं रीठ होतं, म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरात नाव आहे पण वस्ती उठून गेलेली. तिथवर उन्हात तंगडतोड कोण करणार? पटवाऱ्याच्याच ओट्यावर पान चघळत मी लिहून टाकलं: घरं शून्य, माणसं शून्य. अक्षर मात्र फार सुरेख आलं होतं.

पुढच्या बाजाराला किसनभाऊ म्हणाले, "मास्तर, साऱ्यायच्या दारावर गेरूचे नंबर पडले. माह्यं घर राह्यलं."

"राहता कुठं तुम्ही?" तीन वर्षं त्यांची भाजी खात होतो आणि हे आज विचारत होतो.

त्यांनी त्याच रीठाचं नाव घेतलं. पण चारचौघांत चूक कबूल करील तो मास्तर कसला! मी हसून म्हटलं, "अहो, एका माणसावाचून सरकारचं काय अडलंय? तुमच्या बेटावर तरी कोण जातं मोजायला?"

आजूबाजूचे हसले. किसनभाऊ हसले नाहीत.

"तिथं जहाज आलं होतं, मास्तर," ते म्हणाले. "मेल्यावर का होईना, सातई जन मोजले त्यायनं. मी तं जित्ता हाओ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कागद अजून वर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेरू घेऊन निघालो.

पडकी जोती, एक विहीर, हिरवागार मळा आणि एकच झोपडी. दाराशेजारी नंबरासाठी चुन्याचा चौकोन पोतून ठेवलेला. किसनभाऊ धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते.

"आठ दिवसापासून रोज नेसून राह्यलो," ते म्हणाले.

नाव, वय, धंदा. एकेक उत्तर ते सावकाश देत होते.

"लग्न?"

"झालं होतं. मानमोडीच्या तापात ती गेली, अन् लेकबी. अर्धं गाव गेलं. उरले ते उठून गेले."

"तुम्ही नाही गेलात?" हे कागदात नव्हतं.

"दोघीयले इथंच माती देली ना." मग जरा अडखळत, "तिचं नाव लिवता येते काय?"

"गेलेल्या माणसांना रकाना नसतो, भाऊ."

"बरं."

मी नंबर घातला, दौतीला बूच लावलं. ते अजून तसेच बसलेले.

"अजून कायी पुसाचं असन तं पुसा, मास्तर. तीन वर्षांत या दारात बसून कोनं मले कायी पुसलं नाई."

मी पायातल्या वहाणा पुन्हा काढल्या आणि बाजेवर बसलो.

"वहिनींचं नाव काय होतं?"

"गंगू."

"आणि लेकीचं?"

त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि सांगायला लागले. दुपार उलटून गेली तरी मी उठलो नाही.