डॉक्टर कालकूट यांची तीन मजली इमारत

काडेपेटी, ठिबकची नळी आणि फेव्हिकॉल, एवढं माझ्या हातात द्या, मी तुम्हाला हवी ती इमारत उभी करून देतो! ही बढाई नाही. जळगावात पाइपच्या कारखान्यात नोकरी असल्यामुळे नळ्यांचे तुकडे मला कायम मिळतात, आणि लोक जे कचरा म्हणून फेकतात त्यात मला दारं, खिडक्या, तोफा आणि विमानाचे पंखे दिसतात. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे मी दिवे केलेत. टूथपेस्टच्या झाकणांच्या पाण्याच्या टाक्या केल्यात. एका चिलखती ट्रकला तर मी राजगिऱ्याचे रिव्हेट लावले होते! मुंग्यांनी तो ट्रक खिळखिळा केला, पण त्यात दोष मुंग्यांचा आहे, माझा नाही.

हे सगळं कशासाठी? तर खेळासाठी! दीपनगरच्या वसाहतीत माझा मित्र नीलेश राहतो. त्याच्याकडे आम्ही चार-पाच जण अधूनमधून रविवारी जमतो. जेवणाच्या टेबलावर जंगल, नदी, बंदर असं सगळं मांडतो. काळ जुना, विमानं नुकतीच उडायला लागलेली. एका बाजूला अंगठ्याएवढे शूर प्रवासी, दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढे दुष्ट लोक. फासे टाकायचे, पुढे सरकायचं, खजिना पळवायचा. आमची वयं विचारू नका. आणि विचारलीत तरी मी लाजणार नाही! शेहेचाळीस!

या वेळी खलनायकाचा अड्डा बनवायचं काम माझ्याकडे आलं होतं. खलनायक कोण, तर डॉक्टर कालकूट! मी अख्खा उन्हाळा त्यात घातला. तीन मजली इमारत, खाली प्रयोगशाळा, मागे गॅरेज, कोपऱ्यात उंच मनोरा, गच्चीवर विमान आणि तोफ. "एवढ्या वेळात खरं घर बांधून झालं असतं," असं माझी बायको कोकिळा म्हणाली. पण तिचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, कारण कुकरची शिट्टी सापडत नव्हती. ती बिचारी सगळं स्वयंपाकघर उपसत होती. मीही तिच्याबरोबर मनापासून शिट्टी शोधू लागलो.

शनिवारी सकाळी रंग वाळवायला मी अड्डा घरापुढच्या ओट्यावर ठेवला. तेवढ्यात समोरून वना नाना आले. नाना मूळ धुळ्याकडचे, डाळमिलमधून निवृत्त झालेले, आणि कॉलनीत काय चाललंय ते कॉलनीच्या आधी त्यांना समजतं.

"हाई काय शे रे भो, प्रेमराज?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या इमारतीबद्दल आपणहून विचारत होतं! मी कशाला आखडता हात घेऊ?

"इमारत आहे नाना. डॉक्टर कालकूटांची!"

"तीन मजली?"

"तीन मजली. खाली लॅब, मागे गाड्यांची सोय."

"कालकूट... धुळ्याचे का?"

"छे! परदेशातून आलेत."

"फॉरेन रिटर्न!" नानांचा चेहरा उजळला. "आन् बांधनार कुठी?"

"मोकळ्या जागेवर. कोणाला पत्ता लागू न देता!"

नानांनी मान वळवून समोरच्या ओपन स्पेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कोकिळेने आणलेला चहा तसाच ठेवून ते निघून गेले. चहा सोडून जाणारे नाना मी त्याआधी पाहिले नव्हते, तिथेच मला शंका यायला हवी होती!

आता ही ओपन स्पेस म्हणजे आमच्या कॉलनीचा जीव. तिथे पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचे मांडव पडतात, आणि उन्हाळ्यात बायकांच्या ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड असे पसरलेले असतात की चालणाऱ्याला उड्या मारत जावं लागतं. त्या जागेला कोणी हात लावलेला कॉलनीला चालत नाही.

दुपारी आमच्या कॉलनीचे अध्यक्ष अभिमन भाऊ आले. आजूबाजूला बघत त्यांनी दार लावून घेतलं.

"प्रेमराज, दवाखान्याच्या खाली समोरचा गाळा निघेल ना? माझ्या जावयाच्या मेडिकलसाठी शब्द टाक."

"कसला दवाखाना? भाऊ, ते खेळणं आहे!"

"समजलं!" भाऊंनी डोळा मारला. "डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलंय."

"अहो, डॉक्टर कालकूट नावाचा माणूसच नाही!"

"म्हणजे जागा दुसऱ्याच्या नावाने घेतोय? फार हुशार माणूस!"

मी जितकं नाही म्हणावं, तितका तो दवाखाना पक्का होत चालला! चार वाजेपर्यंत तो पाच मजली झाला होता आणि त्याला लिफ्ट लागली होती.

संध्याकाळी ऊन उतरलं तशी ओपन स्पेसमध्ये सभा भरली. मला बोलावणं आलं नाही. माझ्या इमारतीला मात्र आलं! दोन जण ओट्यावर चढले आणि फळीसकट अड्डा उचलून चालते झाले. मी मागे धावलो.

"अरे हळू! विमान पडेल!"

"हेलिकॉप्टरपन शे का?" नाना पुढून ओरडले, आणि गर्दीतून कौतुकाची लाट गेली.

अड्डा मधोमध स्टुलावर ठेवला गेला. अभिमन भाऊंनी विकासावर भाषण सुरू केलं. ते रंगात येतात न येतात तोच नाना उठले. "हाऊ मनोरा मना घरवर सावली पाडी. हाऊ नको!" असं म्हणून त्यांनी मनोरा धरला आणि कडाक! मुळासकट मोडला! ठिबकच्या नळीचा, वाळूचा हात दिलेला, वर जाळीची खिडकी असलेला माझा मनोरा!

मी तो परत घ्यायला धावतो न धावतो तोच बायकांमधून सुंदरबाई, सगळ्या कॉलनीच्या अक्का, पुढे आल्या. पापडांच्या कामात सगळी कॉलनी त्यांच्या शब्दाबाहेर नसते. हातात लाटणं होतं.

"डाक्टर बांधी बिल्डिंग, मग आम्ही बिबड्या कुठं वाळवाव्या? त्याच्या डोक्यावर? मनोराच कशाला, बठ्ठी बिल्डिंगच नको!"

लाटणं वर गेलं. आणि मी कधी उडी मारली, मलाच समजलं नाही. मी दोन्ही हात पसरून अड्ड्यासमोर उभा!

"खबरदार! हात लावायचा नाही कोणी!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दवाखाना नाही हा! खेळणं आहे! माझं खेळणं! शेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, खेळण्यातली घरं बनवतो आणि बाहुल्या घेऊन फासे टाकतो! झालं समाधान? तुम्ही झाडाखाली दिवसभर पत्ते कुटता, मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडता, तेव्हा कोणी सभा घेतली? मी कचऱ्यातून राजवाडे उभे करतो तर माझा मनोरा मोडता? उद्यापण बनवणार! परवापण बनवणार! ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्या!"

कोणी हसलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, कोणाला ते पटलंही नाही.

"खेळनं असं राहस का कधी?" नाना मोडका मनोरा हातात फिरवत म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून कोकिळा पुढे आली. ती वाकली, गच्चीवरची तोफ तिने बोटांनी धरली, आणि ओढून काढली.

"अहो," ती म्हणाली, "ही माझ्या कुकरची शिट्टी आहे."

नानांनी मान पुढे काढून शिट्टी निरखली.

"आठवडाभर कच्ची डाळ खातोय आपण," कोकिळा म्हणाली. मग तिने शिट्टी उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बघा हो! कोणता डॉक्टर दवाखान्यावर कुकरची शिट्टी लावतो? खेळणंच आहे हे. माझा नवरा असाच आहे आणि तो असाच राहणार. मनोरा कोणी मोडला, त्याने चिकटवून द्यायचा!"

तिला इतकं ठाम मी लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं! लोक हसले, पण आता ते वेगळं हसले. अभिमन भाऊ तेवढे खुर्चीत बसले. जावयाचं मेडिकल डोळ्यांदेखत बुडालं होतं. नानांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "फेव्हिकॉल कुठी शे?"

सुंदरबाईंचं लाटणं मात्र अजून खाली आलं नव्हतं.

"खेळनं शे, तर खेळी दाखाड!"

"दाखवतोच!"

मी घरून माणसं आणली, फासे आणले. सुंदरबाईंच्या हातात मी शूर कॅप्टन दिली, खांद्यावर दोर घेतलेली. अभिमन भाऊंना कालकूटचे पहारेकरी दिले. नियम सांगायला लागलो तर अक्कांनी मला गप्प केलं आणि फासा टाकला. सहा! कॅप्टन भिंत चढली. पुन्हा सहा! पहारेकरी गच्चीवरून खाली!

"तो पडला नाही, त्याने कठडा धरला!" भाऊ ओरडले.

"कठडा कुठी धरस? पडना तो!"

बायका सुंदरबाईंच्या मागे, पुरुष भाऊंच्या मागे. दिवेलागणीपर्यंत डॉक्टर कालकूट तळघरात कोंडला गेला होता, आणि नाना चिकटलेल्या मनोऱ्याला धरून बसले होते, वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणून. मी गर्दीकडे पाहिलं आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं. जिंकलो होतो मी!

दुसऱ्या दिवशी दीपनगरला न्यायला म्हणून मी अड्डा उचलायला गेलो, तर सुंदरबाई आडव्या आल्या. डाव अर्धा होता. डाव संपेपर्यंत अड्डा हलणार नाही! मी नीलेशला फोन करून सांगितलं की अड्डा जप्त झालाय.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या ओट्यावर डाव पडतो. पुढच्या डावासाठी नानांना घाटातला पूल हवाय, बायकांना पाणबुडी हवीये, आणि मी रोज संध्याकाळी नळ्या कापतोय. परवा मी म्हटलं, अक्का, एखादा फासा मलाही टाकू द्या. सुंदरबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तू बनाडी देस तेवढं पुरे. आमच्यात जागा नही. जाय, तेवढा चहा टाक."

मी ताडकन उभा राहिलो. भर ओट्यावर, सगळ्यांच्या देखत ठणकावून सांगितलं, की हा खेळ माझा आहे, या इमारती माझ्या आहेत, आणि मी कोणासाठी चहा टाकणार नाही!

साखर जरा कमी पडली, असं अभिमन भाऊ म्हणाले.