काळ्या वडीचं गॅप सर्टिफिकेट

माणूस असो की वस्तू, मध्ये गॅप पडला की सर्टिफिकेट लागतं. यात कॉलेजचं काही चुकत नाही. मी नगरला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसतो. १९९४ साली ३१२ गॅप सर्टिफिकेटं टाइप केली. पैकी ३०९ जणांचं शिक्षण घरगुती अडचणीमुळे थांबलं होतं, दोघांना कावीळ. एक जण खरं बोलला. (त्याचं परत आलं.)

केडगावचा महेंद्र पीएच.डी. करायचा. त्याच्याकडे शर्टाच्या बटणाएवढी काळी वडी. ती भयंकर थंड केली की वीज तिच्यातून कुठंही न अडता जाते. (थंड करायचा लिक्विड नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यात मिळतो, तिथं तो कृत्रिम रेतनासाठी ठेवतात. म्हणून महेंद्रचा नंबर जामखेडच्या गायींनंतर.) त्या थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडी तोडायला कमीत कमी जेवढी शक्ती लागते, तो एनर्जी गॅप. तो इन्फ्रारेड उजेड टाकून मोजतात. मशीन पुण्याला. वर्षभर थांबून महेंद्रला तारीख मिळाली, मंगळवारची. फक्त कॉलेजचं पत्र हवं होतं.

पत्र देणारे क्लार्क गहिनीनाथ भाऊसाहेब. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"गॅप हाय म्हनता. सर्टिफिकेट कुठंय?"

"भाऊसाहेब, गॅप माझा नाही, वडीचा आहे."

"मग वडीचं आना."

मी टाइप केलं: 'मी, काळी वडी, रा. केडगाव, शपथेवर लिहून देते की, गॅपच्या काळात मी इतर कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेतला नाही व कोठेही नोकरी केली नाही.' (सगळं खरं.) अंगठा महेंद्रने दिला, पालक म्हणून. कारणापुढे काय टाकू विचारलं, तर म्हणाला, "जोड्या जमतात." मी 'विवाह' टाकलं.

सोमवारी भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "अर्जात तर जोडी तोडायची म्हनताय. काडीमोड झाला व्हय? कोर्टाचा कागद जोडा."

"अहो, तुटली नाही अजून! तोडायलाच तर पुण्याला जायचंय!"

"मग तुटल्यावर या."

मंगळवार गेला. पुढची तारीख पुढच्या वर्षी. वर्षाने महेंद्रने कॉलेजात पुन्हा फॉर्म भरला. भाऊसाहेबांनी विचारलं, "मधलं वरीस?"

आता गॅप महेंद्रचाच होता. तो माझ्यापुढे येऊन बसला.

"कारण काय टाकू?"

"खरं टाक. गॅपचं सर्टिफिकेट मिळालं नाही, म्हणून गॅप."

टाकलं. परत आलं. मग त्याने मान फिरवली आणि मी 'घरगुती अडचण' टाइप केलं.

हसताय? हसा. माझ्या मशीनचा 'घ' डावीकडे तुटलेला आहे. घरी गेल्यावर कपाटातलं तुमचं सर्टिफिकेट काढून बघा.